एक ठोका उशिरा

आमच्या शाळेच्या फाटकासमोर आताओचं न्याहारीचं दुकान आहे. सकाळी साडेपाचला तिचा तवा तापतो आणि सहाच्या आत पहिली रांग लागते. दुसऱ्या दुकानांत गिऱ्हाइकाच्या हातात छापील कागद देतात, हवं त्यावर खूण करायची. आताओकडे कागद नाही. तुम्ही सांगायचं, ती उलथनं तव्याच्या काठावर आपटत तेच परत म्हणते: दोन अंड्याच्या पोळ्या, एक बिनतिखटाची, मुळ्याच्या वड्या चार, सोयाचं दूध गरम, साखर कमी. त्याच दमात मागच्याचं, त्याच्या मागच्याचं. आठ-नऊ माणसांचं एका चालीवर म्हणते आणि एकाचंही चुकत नाही. पण पाणी कधी बंद राहणार याची सूचना गल्लीत लागली, की ती रस्ता ओलांडून माझ्याकडे येते आणि म्हणते, "सुयुन, चष्मा घरी राहिला. काय लिहिलंय बघ जरा."

आताओला चष्मा नाही. कधीच नव्हता. तिची नजर इतकी चांगली आहे की खाचराच्या पलीकडच्या बांधावर कुणाचं बदक हिंडतंय तेही ती सांगेल.

मी तिला सहाव्या वर्षापासून ओळखते. तैपेईच्या डोंगरांपलीकडे यीलानच्या सपाटीवर, चारी बाजूंनी भात आणि पातीचा कांदा पिकणारं आमचं शुइवेई गाव. तिचं घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत. तिचं पूर्ण नाव लान युएताओ. घरी, गावात आणि पुढे गिऱ्हाइकांतही आताओ. 'लान' हे आडनाव लिहायला अठराएक रेघा लागतात. परीक्षेत आम्ही दुसऱ्या प्रश्नावर पोचायचो तेव्हा आताओ आडनावातच अडकलेली असायची. एखादी रेघ चौकटीबाहेर पडायची, एखादी विसरायची. मग ती खोडून पुन्हा पहिल्यापासून, जीभ बाहेर काढून.

पहिलीत शाळेचे सुरुवातीचे दहा आठवडे उच्चाराच्या सदतीस खुणा शिकवतात. अक्षरं त्यानंतर. दहा आठवडे झाले तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना त्या येत होत्या, आताओला अकरा. त्यातल्या दोन ती आलटून पालटून वापरायची. वू बाई तशा मायाळू होत्या, पण त्या काळी सगळ्याच बाईंकडे एकच औषध असायचं. जे अक्षर चुकलं ते पानभर लिहा. आताओ पानभर लिहायची. पान सुरू व्हायचं एका अक्षरानं आणि खालपर्यंत येता येता ते दुसरंच काहीतरी झालेलं असायचं. एकदा बाईंनी वही उंच धरून सगळ्या वर्गाला दाखवली. आम्ही हसलो. मीही हसले, ते सांगायलाच हवं. आताओसुद्धा हसली, कारण पान खरोखरच गमतीदार दिसत होतं.

आमच्या भाषेत विकत घेणं आणि विकणं यांचा उच्चार एकच आहे. फरक फक्त सुराचा. आवाज खाली नेऊन वर आणला तर घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. अक्षरांतही तेवढाच फरक, विकण्याच्या डोक्यावर एक छोटी टोपी जास्त. शुद्धलेखनात वाक्य होतं, 'आई मला बूट घ्यायला बाजारात गेली.' आताओनं लिहिलं, 'आई माझे बूट विकायला बाजारात गेली.' वू बाईंना वाटलं पोरगी मुद्दाम खोड्या काढते. त्यांनी आताओच्या आईला बोलावलं. आई शेतातून तशीच चिखलाच्या बुटांनी आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, हिला खोड्या काढता आल्या असत्या तर मी काळजी केली नसती."

आमच्याकडे कांद्याची पात आणि हुशारी हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. म्हणून परीक्षेआधी मुलांच्या आया विद्येच्या देवासमोर पातीची जुडी ठेवतात. आताओचे आईबाप पातीचीच शेती करणारे. तिची आई जुडी नाही, सायकलच्या मागे बांधून भारेच्या भारे न्यायची. तरी आताओला शुद्धलेखनात शंभरापैकी आठ पडायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, लानांच्या घरची सगळी हुशारी बाजारात जाते, घरात काही उरत नाही.

आता तिच्या आजोबांबद्दल. लान हुओतु हे गावच्या तीन राजांच्या देवळाच्या वाजंत्र्यांचे म्होरके. टिमकी त्यांच्याकडे. आमच्या इकडच्या ताफ्यात टिमकीवाला सांगेल ते बाकीच्यांनी ऐकायचं. त्याची काठी उठली की झांजा, पडली की मोठी थाळी, आणि सनईवाला त्याच्या डोळ्याकडे बघून श्वास घेणार. सगळे शेतकरी. दिवसा चिखलात, संध्याकाळी देवळाच्या ओसरीत सराव. नववा गडी, दुसऱ्या झांजेवरचा, लेकाकडे तैपेईला राहायला गेला आणि जागा रिकामी झाली. जमीनजुमला विकून लोक शहरात चालले होते ते दिवस. नवीन माणूस मिळेना. आजोबांनी एक दिवस सात वर्षांच्या आताओला उचलून आणलं आणि तिच्या हातात झांजा दिल्या.

मुलीला ताफ्यात बसवायची तेव्हा पद्धत नव्हती. पण कुरकुर त्यावरून झाली नाही. आताओ वाजवायला लागली तेव्हा झाली. सगळ्यांचा ठोका पडायचा आणि मग तिचा पडायचा. अगदी किंचित उशिरा, दार लावून घेतल्यावर कडी वाजावी तसा. सनईवाले आशुईकाका जिभेचे तिखट. ते म्हणाले, "हुओतुदादा, आपल्याकडे झांज आहे का प्रतिध्वनी?"

आजोबांना वाटलं सरावानं येईल. वर्ष गेलं, आलं नाही. दर वर्षी तिसऱ्या महिन्यात राजांचा उत्सव असतो, तिन्ही पालख्या गावभर फिरतात. पालखीचे भोई चालतात ते वाजंत्र्यांच्या ठोक्यावर. वळण आलं की झांजेचे दोन ठोके लागोपाठ, म्हणजे वळा. धाकट्या राजाच्या पालखीपुढे आताओ होती. वांगांच्या बदकांच्या तळ्यापाशी रस्ता वळतो. टिमकीनं इशारा दिला, पहिली झांज वेळेवर वाजली, पुढचे भोई वळले. आताओची झांज मागून वाजली, मागच्या भोयांना वाटलं हा निराळा इशारा, ते सरळ गेले. पालखी आडवी झाली, एक दांडा तळ्याच्या काठावर टेकला, चारशे बदकं एकदम ओरडत पाण्यात, आणि धाकटे राजे कलंडून थांबले. इजा कुणाला झाली नाही. राजांचा मुकुट मात्र पाण्यात पडला. तो काढायला दोन भोयांना गळ्यापर्यंत उतरावं लागलं.

आताओ रस्त्याच्या मधोमध उभी होती. झांजा छातीशी धरलेल्या. रडत नव्हती, पण तोंड पांढरं पडलं होतं. मी धावत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

देवळात परत आल्यावर वडीलधाऱ्यांनी कौल लावायचं ठरवलं. राजे रागावले असतील तर प्रायश्चित्त घ्यायला हवं. लाकडाच्या दोन फाका जमिनीवर टाकायच्या. एक उताणी एक पालथी पडली तर देवाचा होकार, दोन्ही पालथ्या तर नकार, दोन्ही उताण्या तर देव हसतोय. पुजाऱ्यांनी विचारलं, महाराज, रागावलात का? फाका टाकल्या, दोन्ही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा उताण्या. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा भिजलेले भोईच आधी हसायला लागले, मग सगळं देऊळ. आशुईकाका म्हणाले, राजे शेकडो वर्षं पालखीत बसून कंटाळले होते, आज कुठे जरा करमणूक झाली.

आजोबा हसले नाहीत. ते विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. आताओ शाळेत कशी वाचते ते मला विचारलं. मी सांगितलं की सगळा वर्ग मिळून धडा म्हणतो तेव्हा ती पुस्तकाकडे बघत नाही, शेजारच्या मुलीच्या ओठांकडे बघते आणि सगळ्यांच्या मागून म्हणते. किती मागून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक अक्षर. त्यांनी मला टाळी वाजवून दाखवायला सांगितली. मी वर्गाची टाळी एका हातानं मांडीवर आणि आताओची दुसऱ्या हातानं, अशी दाखवली. त्यांनी तोंडातला पाईप काढला आणि म्हणाले, "म्हणजे खोट एकच आहे. मी इतके दिवस दोन समजत होतो."

मला काही कळलं नाही. त्यांनी समजावलं ते असं: हिला आवाज नीट ऐकू येतो. पण एक आवाज कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते ऐकू येत नाही. आपल्याला दोरीला गाठी लागतात, हिच्या हातातून दोरी नुसती सरकत जाते. ज्याला गाठ लागत नाही, त्याला झांज कधी मारायची ते कसं कळणार, आणि अक्षर कुठे तोडायचं ते तरी कसं कळणार?

हुओतु आजोबा जपानी राजवटीत जेमतेम तीन वर्षं शाळेत गेले होते. त्यांना कुणी हे शिकवलं नव्हतं. त्यांनी एवढंच केलं की चाळीस वर्षं माणसांना ठोका शिकवला होता आणि कोण कुठे अडतं ते पाहिलं होतं.

त्यांनी आताओच्या हातातून झांजा काढून घेतल्या. पुढचे सहा महिने फक्त चालायचं. रोज शाळा सुटली की दोघं बांधावरून चालायची. आजोबा पुढे, तोंडानं वाजंत्र्यांचे बोल म्हणत. आताओ मागे, बोलाला एक पाऊल. बांध हातभर रुंद. पाऊल चुकलं की चिखलात. ती इतक्यांदा पडली की तिच्या आईनं त्या कपड्यांचा वेगळा ढीगच केला. गावात लोक विचारायचे, म्हाताऱ्यानं नातीला काय बैल समजलंय का? आजोबा म्हणायचे, आधी पायाला कळू दे. पायाकडून हाताला कळेल, हाताकडून कानाला. कान सगळ्यात आळशी.

सहा महिन्यांनी माझी नेमणूक झाली. मी धडा मोठ्यानं वाचायचा, आजोबा पालथ्या घंगाळ्यावर जेवायच्या काडीनं ठोका द्यायचे, प्रत्येक अक्षराला एक. आमची भाषा त्या बाबतीत सोयीची आहे, एक अक्षर म्हणजे एकच ठोका. आताओचं बोट त्या ठोक्याबरोबर पुस्तकावरून सरकायचं. आधी माझा वेग गोगलगायीचा. मग सूर. चार सुरांसाठी त्यांनी टिमकीच आणली. तिच्या कातड्यावर तळवा दाबून ते आवाज चढवायचे, उतरवायचे, खाली नेऊन वर आणायचे. घेणं, विकणं. घेणं, विकणं. आताओ डोळे मिटून सांगायची. चुकली तर ते काही बोलायचे नाहीत, नुसतं पुन्हा वाजवायचे. मला मात्र कंटाळा यायचा आणि मी चुळबुळ करायचे. मग ते मलाही डोळे मिटायला सांगायचे. त्या वर्षी आजोबा स्वतःही आमच्या पुस्तकातली बरीच अक्षरं शिकले, पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

गोष्टी सांगताना इथे लोक म्हणतात, आणि मग एके दिवशी तिला वाचता आलं. तसं झालं नाही. तिसरीच्या शेवटी आठाचे चौदा झाले. चौथीच्या शेवटी छत्तीस. सहावीत एकदा, एकदाच, एकसष्ट पडले आणि ती पास झाली. त्या रात्री त्यांच्या घरी अख्खं बदक शिजलं आणि मला पाय मिळाला. आजही ती वाचते तेव्हा ओठ हलतात, मांडीवर बोट आपटतं, आणि मी पान संपवते तेव्हा तिची तिसरी ओळ चालू असते. पण वाचते. आणि ठोका? तो मात्र असा बसला की दहाव्या वर्षी तिला झांजा परत मिळाल्या तेव्हा आशुईकाकांनी सनई तोंडातून काढून तिच्याकडे वळून पाहिलं. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं कठीण. ते म्हणाले, प्रतिध्वनी गेला वाटतं.

सतराव्या वर्षी तिनं टिमकी घेतली. आजोबांचा हात थरथरायला लागला होता. ताफ्यात दोघांनी नाक मुरडलं, बाईच्या इशाऱ्यावर वाजवायचं का म्हणून. आजोबांनी भांडण केलं नाही. ते म्हणाले, डोळे मिटून ऐका आणि टिमकीवर कोण बसलंय ते ओळखून दाखवा. त्यांनी डोळे मिटले. आजोबा वाजवतायत असं दोघांनीही सांगितलं. वाजवत होती आताओ. विषय संपला.

मी शिकायला बाहेर गेले, शिक्षिका झाले, आणि ज्या मुलांना वाचायला जड जातं त्यांना वेगळं शिकवण्याचं शिक्षण घेतलं. का घेतलं ते कुणी विचारलं तर मी काहीतरी मोघम सांगते. आताओनं पाकशाळेचा अभ्यासक्रम केला. स्वयंपाकात पहिली, परवान्याच्या लेखी परीक्षेत चार वेळा नापास. पाचव्यांदा मी सगळे प्रश्न टेपवर बोलून दिले. ते तिनं घंगाळं वाजवत पाठ केले आणि पास झाली. मग लग्न केलं, गुओदोंगशी. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. स्वभावानं सोनं, पण तालाचा इतका आंधळा की आजही उत्सवात टाळ्या वाजवायच्या झाल्या तर तो आधी बायकोकडे बघतो. लग्नाआधी आताओ मला म्हणाली होती की घरात एकानं तरी ठोका सोडून जगावं, म्हणजे विश्रांती मिळते.

त्यांना मुलगी झाली, त्साइनिंग. तीही आमच्याच शाळेत पहिलीत आली. तोवर मी तिथेच, वेगळ्या शिकवणीच्या वर्गात रुजू झालेली. दहा आठवडे झाले. अकराव्या आठवड्यात सकाळची गर्दी ओसरल्यावर आताओ माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. ॲप्रन तसाच. हातात त्साइनिंगची वही. तिनं ती माझ्यापुढे उघडून ठेवली. पान वरून एका अक्षरानं सुरू झालं होतं आणि खाली दुसऱ्याच अक्षरानं संपलं होतं.

"माझंच गेलं हिच्यात," ती म्हणाली.

ओळखते तेव्हापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मी तिला सांगितलं की हे घराण्यात चालतं, डोळ्यांचा रंग चालतो तसं, यात कुणाचा अपराध नसतो. शिवाय आता याला नाव आहे, शिकवायच्या पद्धती आहेत, पानभर लिहायला कुणी लावत नाही. तिनं ॲप्रननं डोळे पुसले आणि मग एकदम म्हणाली की ते सगळं ठीक आहे, पण बांधावरून कोण चालवतं?

योगायोग असा की त्याच महिन्यात विद्यापीठातून शेन नावाची एक तरुण संशोधक आमच्या शाळेत आली. वाचायला अडणाऱ्या मुलांचा संगीताचा कान कसा असतो ते तिला तपासायचं होतं. मुलांच्या कानांना हेडफोन लावायचे आणि विचारायचं, हे दोन सूर सारखे की वेगळे, ही चाल तीच की बदलली, या ठोक्याबरोबर टेबलावर बोट मार. पालकांसाठी तीन पानी संमतीपत्र होतं. आताओनं ते हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं, मी वाचून दाखवलं, तिनं सही केली आणि म्हणाली, माझीपण परीक्षा घ्या.

शेननं समजावलं की ही लहान मुलांसाठी आहे. आताओ म्हणाली की आपण काही मोठी झालो नाही, दुसरीतच आहोत, विचारा हवं तर सुयुनला. शेवटी पहिलीच्या बुटक्या खुर्चीत ती गुडघे हनुवटीला लावून बसली, कानांवर हेडफोन, अंगाला कांद्याच्या पातीचा वास. बोट मारायची वेळ आली तेव्हा शेन संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. मग यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं तारा काढून पुन्हा लावल्या. पुन्हा तेच. इतकं अचूक बोट तिनं पाहिलं नव्हतं. ती गोंधळून म्हणाली, "पण तुम्हाला वाचायला त्रास होतो असं म्हणालात ना?"

"होतो की. हे उपजत नाहीये बाई, यात कित्येक वर्षांचा चिखल आहे," आताओ म्हणाली.

मग तिनं शेनला सगळं सांगितलं. बांध, घंगाळं, टिमकी. शेननं वहीत भराभरा उतरवून घेतलं. पण ती प्रामाणिक मुलगी होती. तिनं सांगितलं की वाचनाला अडणाऱ्या बऱ्याच मुलांचा तालही कच्चा असतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं. सगळ्यांचा नाही. पण ताल शिकवला की वाचन किती सुधारतं, का सुधारतं, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आणखी अभ्यास व्हायला हवा.

"करा तुम्ही अभ्यास," आताओ म्हणाली, "तोवर माझी पोरगी म्हातारी होईल."

बुधवारी प्राथमिक शाळा अर्धा दिवस असते. त्या बुधवारपासून दुपारी देवळाच्या ओसरीत आताओचा वर्ग सुरू झाला. त्साइनिंग आणि माझ्या वर्गातली पाच मुलं. हुओतु आजोबा तोवर गेले होते, पण आशुईकाका होते. ऐंशी ओलांडलेली, दात नसल्यामुळे सनई सुटलेली. ते खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक मुलाला नावं ठेवायचे. मुलांना ते फार आवडायचे. बांधावरून चालायला पालक तयार होईनात, म्हणून ओसरीत खडूनं हातभर रुंदीचे पट्टे आखले. पट्ट्याबाहेर पाऊल पडलं की बदकासारखं ओरडायचं, हा नियम मुलांनीच केला. काही मुलं मुद्दाम बाहेर पडायची.

सगळी सारखी नव्हती. युनशी नावाच्या मुलीचा कान इतका स्वच्छ होता की मंदिराच्या घंटेचा सूर ती घरी जाऊन जसाच्या तसा गायची. ठोकाही पक्का. तरी तिला अक्षरं लागत नव्हती, काल शिकलेलं आज अनोळखी. आताओनं तिला तीन बुधवार पाहिलं आणि मग मला सांगितलं की हिच्या दोरीला गाठी आहेत, हिचं अडतं ते दुसरीकडे, डोळ्यांत नाहीतर आठवणीत, ते तू बघ. पण वर्गातून काढलं नाही, उलट बाकीच्यांना सूर द्यायला पुढे बसवलं. मी माझ्या पुस्तकांतून जे दोन वर्षांत शिकले ते ती ओसरीत तीन दुपारींत सांगून मोकळी झाली, याचं मला थोडं वाईट वाटलं. जास्त करून आनंदच झाला.

शाळेच्या वर्धापनदिनाला ही सहा मुलं मैदानात वाजवायला उभी राहिली. त्यांच्या आईबापांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. आजवर या मुलांना मैदानात पुढे बोलावलं की काहीतरी वाईटच ऐकावं लागायचं, म्हणून सगळे आधीच मान खाली घालून बसले होते. त्साइनिंगकडे झांजा होत्या. पहिलं आवर्तन नीट गेलं. दुसऱ्यात एका मुलाची थाळी दोरीतून सुटून घरंगळत मुख्याध्यापकांच्या खुर्चीपर्यंत गेली. पोरगा तिच्या मागे धावला, उचलली, आणि धावत परत येता येता बरोबर आपल्या जागी ठोका दिला. अख्खं मैदान ओरडलं. आशुईकाका शेजारच्याला विचारत होते, हा कुणाचा पोरगा, याला मी काल गाढव म्हणालो होतो.

त्साइनिंग आता तिसरीत आहे. शुद्धलेखनात चाळीस-पंचेचाळीस पडतात. आताओच्या मानानं पोरगी दोन वर्षं पुढे आहे, आणि तसं ती सगळ्यांना सांगते.

या वर्षी मात्र तिनं एक अशी गोष्ट केली की मला वाटलं थट्टा करतेय. आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा सकाळी पहिल्या तासाआधी आया येऊन मुलांना गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवतात. नावनोंदणीचा कागद फाटकापाशी लागतो. एक दिवस पाहते तर माझ्या वर्गापुढच्या रिकाम्या चौकटीत अठरा रेघांचं 'लान' लिहिलेलं, सगळ्या रेघा चौकटीच्या आत. मी रस्ता ओलांडून गेले आणि तिला विचारलं की खरंच येणार का. ती मुळ्याच्या वड्या उलटत होती. म्हणाली, मंगळवारी तवा गुओदोंग सांभाळणार आहे, पुस्तक आठवडाभर आधी दे.

पहिल्या मंगळवारी ती ॲप्रन काढून, केस विंचरून आली. पुस्तक घर बदलणाऱ्या एका खेकड्याचं. मुलं चटईवर गोल बसली. ती मध्ये, मांडीवर पुस्तक, उजवं बोट गुडघ्यावर. एक अक्षर, एक ठोका. फार हळू. मी मागे उभी होते. मुलं हसली तर? दुसऱ्या पानावर ती अडली. बोट थांबलं. ती अक्षराकडे बघत राहिली, मग पुस्तक फिरवून मुलांपुढे धरलं आणि विचारलं, "हे काय आहे रे? मला येत नाहीये."

माझ्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनाच सगळे विचारायचे, पण उत्तर आधीच माहीत असलेले लोक. इथे खरोखर उत्तर हवं असलेली बाई होती. सहाही मुलं पुस्तकावर वाकली. एक म्हणाला शंख. युनशी म्हणाली छे, शंखाच्या अक्षराला खाली पाय असतात, हे कवच आहे. वाद झाला. दोघं शब्दकोश आणायला धावले, तो कसा शोधायचा यावरून आणखी वाद झाला, आणि अखेर कवच निघालं तेव्हा युनशी चटईवर उभी राहून नाचली.

वीस मिनिटांत चार पानं झाली. मुख्याध्यापक आवाज ऐकून दाराशी आले आणि त्यांनी विचारलं की इथे काय चाललंय.

"वाचन," आताओ म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.